एका कार्डाच्या सात वाटण्या

ताडकळस हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले, स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती असलेले गाव. या मुलखात भाऊ वेगळे झाले की जमिनीला बांध पडतो, पण विहिरीला बांध घालता येत नाही. मग सातबाऱ्यावर विहीर सामाईक म्हणून लागते, प्रत्येकाचा हिस्सा आकड्यात लिहिला जातो आणि पाण्याची पाळी ठरते. मोटेच्या काळी ही पाळी दिवसांची असे, विजेचे पंप आल्यावर ती तासांवर आली. या व्यवस्थेत दोन वेगळ्या तऱ्हेच्या वाटण्या एकत्र नांदतात: जमीन कायमची तोडून दिलेली आणि पाणी आळीपाळीने घ्यायचे. संगणकातले ग्राफिक्स कार्ड अनेक व्हर्च्युअल मशीनमध्ये कसे वाटायचे, या प्रश्नाची गेल्या वीस वर्षांतली सगळी उत्तरे याच दोन तऱ्हांभोवती फिरली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास सांगण्याचे कारण असे की त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. यंत्राची वाटणी करण्याचे तंत्र जुने आहे. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत ते उशिरा आले, त्यामागे तांत्रिक अडचणी खऱ्या होत्या. पण त्या सुटल्यावरही वाटणी सर्वांच्या हाती आली नाही, कारण बांध घालण्याचा अधिकार कार्ड बनवणाऱ्याने स्वतःकडे ठेवला. सरकारी पैशाने घेतलेल्या कार्डांपुरता तरी हा अधिकार घेणाऱ्याकडे यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात या गोष्टीची सुरुवात मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तिथे घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्याच्या स्मृतीत केवळ २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. १९६४ मध्ये संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक आला आणि देशभरातल्या विद्यापीठांची व प्रयोगशाळांची गणिते त्याच्यावर होऊ लागली. छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे एकामागे एक लावायचे, एकाचे काम संपले की दुसऱ्याचे घ्यायचे, अशी ती पद्धत होती. तीही वाटणीच, पण नुसत्या रांगेची. ज्याचे काम चालू आहे त्याच्याकडे अख्खे यंत्र, बाकीचे सगळे थांबलेले. तरी त्या रांगेने फार मोठे काम केले. ज्या संस्थांना स्वतःचा संगणक घेणे स्वप्नातही शक्य नव्हते, त्यांच्या संशोधकांच्या हातून त्या यंत्रावर गणिते झाली. महाग यंत्र सार्वजनिक कसे होते याचा आपल्याकडचा हा पहिला धडा आहे, आणि आज आपण तो जवळजवळ विसरलो आहोत याचे मला वाईट वाटते.

रांगेच्या पुढचे पाऊल अमेरिकेत आधीच पडले होते. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये एकाच संगणकाचा वेळ क्षणाक्षणाने अनेकांना देऊन दाखवला. त्याच दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात त्याहून धाडसी कल्पना प्रत्यक्षात आली. नुसता वेळ वाटून थांबायचे नाही, प्रत्येकाला एक अख्खा संगणक मिळाल्याचा भास निर्माण करायचा. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. आपल्याकडे १९७२ म्हटले की दुष्काळ आठवतो, आणि परभणीत त्याच वर्षी मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी अशा प्रणालीच्या अटी नेमक्या शब्दांत मांडल्या. आतल्या प्रोग्रामला खऱ्या यंत्रावर चालल्यासारखेच वाटले पाहिजे, साधनांवरचा ताबा वाटप करणाऱ्याकडेच राहिला पाहिजे आणि बहुतेक आज्ञा थेट यंत्रावर, पूर्ण वेगाने चालल्या पाहिजेत. यातली मधली अट विशेष महत्त्वाची आहे. ताबा वाटप करणाऱ्याकडे, म्हणजे यंत्र ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे. यंत्र बनवणाऱ्याचा त्यात कुठे उल्लेख नाही.

मुख्य प्रोसेसरच्या बाबतीत ही अट पाळता आली, कारण त्याच्या आज्ञा छापील पुस्तकात जाहीर असतात. एका मशीनचे काम मध्येच थांबवायचे असेल तर त्याच्या मोजक्या रजिस्टरमधले आकडे बाजूला लिहून ठेवायचे आणि दुसऱ्याचे भरायचे. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय साध्या पीसीवर आणली, २००३ मध्ये झेन आले, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्समध्ये सामील झाले, आणि इंटेल व एएमडी यांनी २००५-०६ मध्ये प्रोसेसरातच त्यासाठी खास आधार घातला. ग्राफिक्स कार्डाचे मात्र तसे झाले नाही. त्याच्या आतली रचना दर पिढीला बदलते आणि बराच काळ ती उघड केली जात नसे. बाहेरच्या जगाला दिसतात ते ओपनजीएल, डायरेक्टथ्रीडी किंवा क्युडा यांसारखे वरचे दरवाजे. खालची यंत्रणा फक्त निर्मात्याच्या ड्रायव्हरला ठाऊक. शिवाय कार्डाच्या पोटात हजारो धाग्यांचे काम एकाच वेळी चालू असते, त्यामुळे ते मध्येच थांबवून गुंडाळून ठेवणे प्रोसेसरइतके सोपे नाही. एनव्हिडियाच्या कार्डांना गणिताचे काम कोणत्याही आज्ञेपाशी थांबवण्याची क्षमता २०१६ च्या पास्कल पिढीत आली. आणखी एक धोका होता. कार्ड मुख्य मेमरीत स्वतः जाऊन वाचते-लिहिते, त्यामुळे मध्ये राखणदार नसेल तर एका भाडेकरूचे कार्डावरचे काम दुसऱ्याच्या मेमरीत शिरू शकते. या अडचणी खऱ्या होत्या, आणि त्या सोडवायला हुशार माणसांची वर्षे गेली. कार्ड निर्मात्यांवर टीका करताना हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पहिले उपाय कार्डाला हात न लावता केलेले होते. व्हर्च्युअल मशीनच्या आत एक खोटे कार्ड दाखवायचे, त्याच्याकडे आलेल्या चित्र काढण्याच्या आज्ञा बाहेर, खऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरकडे पोचवायच्या. व्हीएमवेअरने हाच मार्ग धरला. लिनक्सच्या खुल्या जगात डेव्ह एअरली यांनी सुरू केलेला व्हर्जल हा प्रकल्प त्याच धर्तीचा. या पद्धतीचा मोठा गुण असा की कार्ड कोणाचेही चालते आणि कोणाची परवानगी लागत नाही. दोष असा की प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते आणि वरचा दरवाजा बदलला की सगळे पुन्हा लिहावे लागते. दुसऱ्या टोकाचा उपाय म्हणजे अख्खे कार्ड एकाच मशीनच्या हवाली करणे. वेग पूर्ण मिळतो, पण वाटणी उरतच नाही. विहीर एका भावाला देऊन टाकण्यासारखे ते झाले. या दोन टोकांच्या मधला मार्ग २०१३-१४ च्या सुमारास सापडला. एनव्हिडियाने ग्रिड के१ आणि के२ ही कार्डे आणली. के१ वर चार चिप होत्या आणि एका कार्डावर ३२ जणांपर्यंत बसवता येत. इंटेलच्या कुन तियान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आपली पद्धत शोधनिबंधात मांडली. दोन्हींचे तत्त्व आपल्या विहिरीचेच आहे. कार्डावरची मेमरी जमिनीसारखी तोडून प्रत्येकाच्या नावे करायची आणि गणित करणारे इंजिन पाळीने द्यायचे. रोजच्या वहिवाटीतले काम थेट कार्डाकडे जाऊ द्यायचे, बांध ओलांडण्याची शक्यता असलेले काम तेवढे मध्ये अडवून तपासायचे. पाळीचेही प्रकार आहेत. एक भाऊ पाणी घेत नसेल तर त्याचा वेळ दुसऱ्याने घ्यावा, किंवा ज्याचा वेळ त्याचाच, वापरो न वापरो. एनव्हिडियाच्या प्रणालीत या दोन्ही पाळ्या निवडता येतात, आणि गावात ज्यावरून भांडणे होतात त्याच गोष्टीवरून संगणक केंद्रांतही वाद होतात.

या कामाला लिनक्सच्या गाभ्यात कायमची जागा मिळाली ती १९ फेब्रुवारी २०१७ रोजी, ४.१० या आवृत्तीत. 'मेडिएटेड डिव्हाइस' नावाची जी चौकट त्यात आली तिच्या लेखकांची नावे फाइलच्या माथ्यावरच लिहिलेली आहेत: एनव्हिडियाचे नियो जिया आणि कीर्ती वानखेडे. ही चौकट एका कंपनीपुरती बांधलेली नव्हती. कोणत्याही उपकरणाच्या ड्रायव्हरने आपल्या उपकरणाचे तुकडे जाहीर करावेत, केव्हीएमने ते तुकडे व्हर्च्युअल मशीनला स्वतंत्र उपकरण म्हणून द्यावेत, अशी ती रचना. इंटेलचे ग्राफिक्स त्याच आवृत्तीत तिच्यावर बसले. मला हा क्षण या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वाटणीचा नियम सर्वांनी वाचावा, सुधारावा अशा जागी आला. पण नियमाची वही उघडी झाली तरी पाण्याचे कुलूप उघडे झाले नाही. एनव्हिडियाच्या कार्डाचे तुकडे प्रत्यक्ष पाडणारा भाग बंदच राहिला आणि तो वापरायला वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो.

हे कुलूप किती तांत्रिक आणि किती व्यापारी, याचा पुरावा पुढच्या काही वर्षांत समोर आला. एनव्हिडियाच्या साध्या जीफोर्स कार्डाच्या ड्रायव्हरने आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखले की तो सुरूच होत नसे आणि '४३' क्रमांकाची त्रुटी दाखवत असे. मशीनची ओळख लपवली की तेच कार्ड, तोच ड्रायव्हर बिनतक्रार चाले. २०२१ मध्ये कंपनीने ही अडवणूक स्वतःच काढली, पण फक्त अख्खे कार्ड एका मशीनला देण्यापुरती. त्याच वर्षी काही प्रोग्रामरांनी दाखवून दिले की महागड्या कार्डावर जी वाटणी चालते ती त्याच चिपच्या स्वस्त कार्डावरही चालू शकते. मध्ये आडवी येते ती ड्रायव्हरमधली ओळखपरेड. त्याआधी २०१७ च्या अखेरीस जीफोर्सच्या ड्रायव्हरच्या परवान्यात डेटा सेंटरमध्ये वापरण्यास मनाई करणारे कलम आले होते. इंटेलची गोष्ट वेगळी, पण बोध तोच. त्यांची वाटणीची पद्धत पूर्ण खुली होती, तरी नव्या पिढीच्या चिपसाठी कंपनीने ती पुढे नेली नाही आणि दुसरी पद्धत आणली. ज्यांनी जुन्या पद्धतीवर आपली व्यवस्था उभारली त्यांना जुन्याच चिपवर थांबावे लागले. एएमडीने २०१६ मध्ये कार्डाच्या हार्डवेअरमध्येच वाटणी घातली, पण ती निवडक व्यावसायिक कार्डांवर. तीन कंपन्या, तीन मार्ग, आणि तिन्ही ठिकाणी शेवटचा शब्द निर्मात्याचा.

कोणी म्हणेल की ज्याने संशोधनावर पैसा घातला त्याने त्याची किंमत घ्यावी, यात गैर काय? काहीच नाही. वाटणीचे सॉफ्टवेअर हे श्रमाचे काम आहे आणि त्याचे दाम मागणे रास्त आहे. आक्षेप वेगळ्या जागी आहे. विकत घेतलेल्या वस्तूत असलेली क्षमता ओळख पाहून रोखून धरणे आणि काम करून दाम मागणे या दोन गोष्टी एक नव्हेत. खासगी गिऱ्हाईक हवे तर ती अट पत्करेल. पण जनतेच्या पैशाने शेकडो कार्डे घेणाऱ्या संस्थेने खरेदीच्या वेळीच हा मुद्दा मांडायला हवा, कारण एकदा कार्डे रॅकमध्ये बसली की बोलणी करण्याचे बळ संपते. सुरक्षिततेचा आक्षेप मला याहून वजनदार वाटतो. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये रिमोटएफएक्स नावाने कार्ड वाटण्याची सोय दिली होती. जुलै २०२० मध्ये त्यांनी ती बंद केली, कारण तिच्यातल्या त्रुटी मुळातल्या रचनेतल्या होत्या आणि ठिगळ लावून भागण्यासारखे नव्हते. एका मशीनमधला माणूस बाहेर पडून यजमान संगणकावर आपले प्रोग्राम चालवू शकला असता. अनोळखी लोकांना एकाच कार्डावर बसवायचे तर हा धोका गंभीरपणे घेतलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तर वाटणी सोडून देण्यात नाही. बांध हार्डवेअरमध्ये घातला पाहिजे, आणि नेमके तेच त्याच वर्षी झाले.

मे २०२० मध्ये एनव्हिडियाने ए१०० हे कार्ड जाहीर केले. त्याचे जास्तीत जास्त सात स्वतंत्र भाग करता येतात. प्रत्येक भागाला स्वतःची मेमरी, मेमरीकडे जाणारी स्वतःची वाट आणि गणित करणाऱ्या गटांचा स्वतःचा वाटा. इथे पाळी संपते; प्रत्येक भावाच्या वावरात वेगळी विहीर होते. एकाने कितीही उपसा केला तरी दुसऱ्याचे पाणी खाली जात नाही. अर्थात बांधाला जागा लागतेच. ए१०० मध्ये गणिताचे १०८ गट आहेत. सात भाग केले की प्रत्येकाला १४ येतात, म्हणजे ९८ कामी लागतात आणि १० पडून राहतात. ४० गिगाबाइटच्या कार्डात मेमरीचेही आठ वाटे पडतात, त्यातले सात वापरात येतात, प्रत्येकी ५ गिगाबाइट. साधारण नऊ टक्के गणितशक्ती बांधाखाली जाते. सुरक्षिततेसाठी ही किंमत मला जास्त वाटत नाही.

आणि ही कार्डे आपल्या पुण्यात आहेत. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली, अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो एका अवाढव्य प्रोसेसरवर उभा नव्हता. लहान लहान ट्रान्सप्युटर जोडून घडवलेला होता. अनेक जोडून एक करण्यात आपण तेव्हा यश मिळवले. नोव्हेंबर २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्यात ४२ डीजीएक्स संच आहेत, प्रत्येकात आठ ए१००, म्हणजे ३३६ कार्डे. प्रत्येकी सात या हिशेबाने २,३५२ स्वतंत्र भाग होतात. सगळी कार्डे तोडावीत असे कोणी म्हणणार नाही; एकच मोठे मॉडेल शिकवायचे असेल तेव्हा डझनावारी कार्डे एकजीव जोडावीच लागतात, आणि त्या कामासाठीच असा महासंगणक असतो. तिथे वाटणी निरुपयोगी आहे हे मान्य. पण त्यातला दहावा हिस्सा तोडला तरी सव्वादोनशेहून अधिक जागा होतात, आणि एका जागेवर विद्यार्थ्याचा प्रात्यक्षिक अभ्यास किंवा पिकाच्या पानावरचा रोग ओळखणाऱ्या छोट्या मॉडेलची शिकवणी आरामात होते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन आणि यंत्रमानवांच्या आधारे डिजिटल शेतीचा प्रकल्प राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण योजनेतून उभा राहिला. ड्रोनने काढलेली छायाचित्रे पाहून सोयाबीन-कापसाची अवस्था सांगायची तर ग्राफिक्स कार्ड लागतेच. ताडकळससारख्या गावातून परभणीला शिकायला येणाऱ्या मुलासाठी प्रश्न असा आहे की त्याला कार्डावर हात टाकायला मिळेल का, आणि आठवड्यातून किती तास. इथे एक साधा आक्षेप येतो: महाविद्यालयाने स्वस्तातली चार कार्डे घ्यावीत, पुण्याच्या कार्डाचा तुकडा कशाला? पहिल्या धड्यासाठी जवळचे कार्ड चांगलेच. पण ते कार्ड तासिका संपली की पडून राहते, काही वर्षांत जुने होते, आणि मोठे काम आले की अपुरे पडते. तुकडा मात्र गरजेप्रमाणे मोठा घेता येतो, आज सातवा हिस्सा, प्रकल्पाच्या महिन्यात अर्धे कार्ड. जोडणीची अडचण खरी आहे. ड्रोनची छायाचित्रे तालुक्याच्या गावातून वर पाठवायला वेळ लागतो. पण ती एकदाच पाठवायची असतात, आणि ती एखाद्या डिस्कवर घालून पुण्याला नेली तरी चालतील.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडिया-एआय मोहिमेला मंजुरी दिली. दहा हजार कार्डांचे उद्दिष्ट होते. जानेवारी २०२५ मध्ये १८,६९३ कार्डे उपलब्ध होणार असल्याचे जाहीर झाले. ही कार्डे तासाच्या सवलतीच्या दराने द्यायचे ठरले. म्हणजे रांग आहे, पाळी आहे, हिशेबही आहे. या हिशेबाचे एकक मात्र अख्खे कार्ड धरले जाते, आणि शिकणाऱ्याला अख्खे कार्ड लागत नाही. सी-डॅकने आणि मोहिमेच्या चालकांनी दराच्या पत्रकात कार्डाच्या सातव्या हिश्श्याची एक ओळ घालावी, काही कार्डे कायमची तोडून जिल्ह्याच्या विद्यापीठांच्या नावे लावावीत आणि पुढच्या खरेदीच्या करारात तुकडे पाडण्याचा हक्क परवान्याच्या वेगळ्या पैशाविना मागून घ्यावा. पुण्यातल्या ३३६ कार्डांना सात भागांची सोय कारखान्यातूनच मिळालेली आहे.